अमेरिकन 'बास बोट' उजनीत का चालणार नाही? मासेमारीची बोट घेताना स्पीड सगळ्यात शेवटी का बघायचा?

इन्स्टाग्रामवर मासेमारीचं एखादं रील शेवटपर्यंत बघितलं की मग सुट्टी नाही. पुढचा आठवडाभर तेच दिसत राहतं. चकचकीत लाल-निळी बोट, मागे कपाटाएवढं इंजिन, पाण्याला जेमतेम टेकलेला तळ आणि ताशी शंभरच्या वेगाने सुटलेला टोपीवाला गोरा माणूस. हे बघून पुण्यातल्या हौशी गळवाल्यांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, ही आपल्याकडं चालेल का? खडकवासल्यात, पानशेतला, मुळशीला, नाहीतर थेट भिगवणला उजनीच्या पाण्यात?

थोडक्यात उत्तर, नाही. पण का नाही हे नीट समजून घेतलं, तर आपल्याकडच्या पाण्यात कुठली बोट घ्यावी, कशावर पैसे घालावेत आणि कशावर अजिबात घालू नयेत, हे सगळंच उलगडतं. आणि हा नुसता हौसेचा हिशोब नाही. उजनीत बोटीच्या निवडीवर माणसं जगतात आणि बुडतातही.

आधी ही बास बोट काय भानगड आहे ते बघू

बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाणवनस्पतीत किंवा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी दबा धरून बसायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची, हा त्याचा स्वभाव. त्याला पकडायचं तर एका जागी गळ टाकून तंबाखू मळत बसून भागत नाही. एका बुंध्यापाशी आठ-दहा वेळा आमिष फेकायचं, नाही लागला तर पुढचा बुंधा. दिवसभरात जितक्या जागा पालथ्या घालाल तितकी संधी जास्त.

१९४८ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मंड यांनी या कामासाठी एक खास बोट बनवली. नाव ठेवलं स्कीटर. पहिली बास बोट म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पण खरी गंमत झाली १९६७ ला. रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या एका विमा विक्रेत्याने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि त्यातून पुढे 'बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी' उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९६८ ला, त्याच राज्यात फॉरेस्ट वुड यांनी रेंजर बोट्स ही कंपनी काढली.

स्पर्धा म्हटलं की घड्याळ आलं. सकाळी सगळ्यांनी एकदम सुटायचं आणि दुपारी ठरलेल्या वेळेत मासे वजनाला आणायचे. जो आधी चांगल्या जागेवर पोहोचेल त्याचा फायदा. झालं, इथून बोटींचे इंजिन वाढत गेले. आज वरच्या दर्जाची बास बोट १८ ते २१ फूट लांब, साधारण ८ फूट रुंद आणि २५० हॉर्सपॉवरची असते. मारुतीच्या छोट्या कारचं इंजिन याच्या निम्म्यालाही पुरत नाही. सुसाट सोडली तर ताशी ११० किलोमीटरच्या घरात जाते.

बाकीची सोयही त्याच हिशोबाने. पुढे आणि मागे सपाट उंच ओटा, म्हणजे उभं राहून चहूबाजूंनी गळ फेकता यावा. नाकाशी पायाने चालवायची बॅटरीची छोटी मोटर, म्हणजे माशाला चाहूल न लागता सरकता यावं. पोटात पाणी फिरवत ठेवणारी टाकी, कारण मासा वजन करून जिवंत परत सोडायचा असतो. आणि समोर टीव्हीसारखे दोन-तीन पडदे, ज्यात पाण्याखालचा मासा दिसतो. सगळं मिळून नव्या बोटीची अमेरिकेतली किंमत आपल्या पैशात सहज ७० लाखांच्या पुढे जाते.

तिकडच्या जाहिरातीत आणि तुलनेच्या व्हिडिओंमध्ये बोटीला मार्क कसे देतात? सुरुवातीचा झपाटा किती, सगळ्यात जास्त स्पीड किती, ओट्याची जागा किती, पडदे केवढे. त्यांच्या खेळासाठी हे बरोबरच आहे. चूक होते ती हाच तक्ता उचलून भीमेच्या पाण्यावर लावला की.

मासाच वेगळा, पाणीही वेगळं

पहिली गोष्ट म्हणजे पुण्याच्या धरणांमध्ये बास नाही. आणि नसलेलाच बरा. जपानमध्ये १९२५ ला हा मासा आशी सरोवरात आणून सोडला, तो पसरत गेला, तिथल्या मूळ माशांवर उठला आणि २००५ ला सरकारला त्याच्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जीवांची एक यादी आहे, तिच्यात याचं नाव आहे. त्याच यादीत आपल्या ओळखीचा एक जण बसलेला आहे, चिलापी. १९५२ ला भारतात आलेल्या तिलापियाने पुढे काय केलं हे उजनीच्या कुठल्याही भोई माणसाला विचारा.

आपल्याकडे दबा धरून बसणारा शिकारी मासा म्हणजे मरळ. गवतात, शेवाळात लपतो आणि रबरी बेडूक दिसला की पाणी फोडून येतो. बासवाल्यांची बेडूक फेकायची पद्धत आपल्या पोरांनी मरळवर चालवली, ती चाललीही. पण मरळ बसतो काठाच्या गवतात. त्याच्यापर्यंत जायला ११० च्या स्पीडचा काडीचा उपयोग नाही, उलट आवाजानेच तो पळेल. कटला, रोहू, मृगल यांचं तर कामच सगळं शांतपणे बसून करायचं.

आणि महासीर? त्याचा तर पुण्याशी जुना संबंध आहे. दख्खनी महासीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' असं आहे. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून. पुढे नद्यांची वाट लागली आणि हा मासा धोक्यात आला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करायला सुरुवात केली. म्हणजे कुणाच्या गळाला महासीर लागला तर त्याला परत पाण्यात सोडायचं असतं, आणि त्यासाठी टाकीवाली बोट लागत नाही. ओले हात आणि थोडी घाई पुरते.

दुसरी गोष्ट, पाण्यापर्यंत जायचं कसं? बास बोटीचा नुसता सांगाडा ८०० ते १००० किलोचा. वर इंजिन, बॅटऱ्या, पेट्रोल आणि खालचा ट्रेलर. तिकडे तलावाच्या काठाला काँक्रीटचे उतार बांधलेले असतात. गाडी मागे घ्यायची, ट्रेलर पाण्यात घालायचा, बोट तरंगली की झालं. आपल्या धरणांचं पाणी सिंचनाचं आणि पिण्याचं. ते वर्षभर खाली उतरत जातं. दिवाळीत जिथे पाणी होतं तिथून एप्रिलमध्ये ते पार लांब गेलेलं असतं आणि मधे सगळा गाळ. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्यालाही हात लागलेला. अशा गाळात दीड-दोन टनांचं धूड घालायचं म्हणजे ते काढायला जेसीबी बोलवायचा.

पाणी उतरलं की उजनीत आणखी एक गोष्ट होते. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि फोटो काढायला गर्दी लोटते. पण मंदिर वर येण्याआधी कित्येक आठवडे ते पाण्याखाली हातभर अंतरावर असतं. तसेच गावांचे जुने वाडे, भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट. ताशी शंभरने जाणाऱ्या बोटीचा पंखा अशा भिंतीला लागला तर काय होईल हे सांगायला नको. भोई लोक हळू जातात ते इंजिन छोटं म्हणून नाही, खाली काय आहे ते त्यांना पाठ आहे म्हणून.

तिसरी गोष्ट पैशाची. पेट्रोल इंजिनाचा एक ढोबळ हिशोब असा की पूर्ण ताकदीने चालवलं तर हॉर्सपॉवरच्या दहाव्या हिश्शाइतके गॅलन तासाला जळतात. २५० चे २५ गॅलन, म्हणजे साधारण ९५ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी तासाला साडेनऊ हजार. तेच ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला चारएक लिटरमध्ये भागवतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या बोटींवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. आयात शुल्क वेगळंच. मासेमारीच्या व्यावसायिक नौकांवर तो ५ टक्के आहे. सरकारने दोन बोटींमधला फरक असा स्पष्ट मांडलेला आहे.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ

करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळाशी ही दोन गावं उजनीच्या पाण्याच्या दोन काठांवर आहेत. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीने ये-जा करतात. त्या संध्याकाळी सात जण बोटीत होते. मधल्या पाण्यात असताना वादळी वारा सुटला, बोट उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आला. बाकीचे सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. एनडीआरएफला सगळे मृतदेह मिळायला दोन दिवस लागले.

मे महिन्याची दुपार-संध्याकाळ म्हणजे वळवाचा काळ. दिवसभर आभाळ कोरडं, पाणी आरशासारखं. चार-साडेचारला पश्चिमेकडे ढग काळे होतात आणि अर्ध्या तासात वारा पालटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ३० किलोमीटरच्या वाऱ्यात जी बोट नुसती हलते, तिला ६० च्या वाऱ्यात चारपट धक्का बसतो.

लाटेचं गणित यापुढचं. लाट किती उंच होणार हे वाऱ्याच्या जोरावर ठरतं तसंच तो पाण्यावरून किती लांब अडथळ्याशिवाय वाहत आला यावरही ठरतं. खडकवासला चिंचोळं, दोन्हीकडे डोंगर. तिथे लाटेला मोठं व्हायला फारशी जागा नाही, मात्र डोंगराच्या फटीतून वारा अचानक आडवा येतो. उजनीचा पसारा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत, काठ सपाट, मधे अडवायला काही नाही. तिथे वाऱ्याला मैदान मोकळं मिळतं.

म्हणून आपल्याकडे बोटीची तुलना करताना पहिला प्रश्न हा, की रिकाम्या नाही तर भरलेल्या बोटीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो. बास बोटीचा काठ मुद्दाम खाली ठेवलेला असतो, वाकून मासा उचलता यावा म्हणून. त्या बोटीकडे पळून जाण्याइतकी ताकद असते, ढग दिसले की दहा मिनिटांत ती धक्क्याला. आपली दहा हॉर्सपॉवरची होडी पळून जाऊ शकत नाही. तिला तिथेच टिकावं लागतं. काठाची वीतभर जास्त उंची ही त्या वेळी कुठल्याही पडद्यापेक्षा आणि इंजिनापेक्षा मोलाची.

गंमत म्हणजे स्पीडवेड्या अमेरिकेतही हा धडा पहिल्यापासून घेतलेला आहे. रे स्कॉट यांनी स्पर्धेत इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट सक्तीचं केलं. चालकाच्या अंगाला अडकवलेली एक दोरी असते, माणूस पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन बंद पडतं. छोट्या मोटारबोटीत ही दोरी लावणं १ एप्रिल २०२१ पासून तिकडे कायद्यानेच बंधनकारक आहे. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण लाइफ जॅकेट आता पट्ट्याएवढं बारीक झालंय.

तळ, अंग आणि माणसं

तळाचे ढोबळमानाने दोन प्रकार. सपाट तळ आणि व्ही आकाराचा तळ. सपाट तळाची होडी गुडघाभर पाण्यात जाते, उभी असताना डुगडुगत नाही आणि बनवायला स्वस्त. पण लाट आली की थाडथाड आपटते आणि पाणी आत फेकते. व्ही तळ लाट कापत जातो, पण उभ्या जागी थोडा कलंडतो आणि त्याला खोल पाणी लागतं. मधला मार्ग म्हणजे पुढे व्ही आणि मागे सपाट होत गेलेला तळ. पुण्याच्या आसपास एकच बोट घ्यायची असेल तर बहुतेकांसाठी हाच बरा.

इथे इंजिनाच्या लोभाबद्दल एक गोष्ट. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या जड होडीला तिच्या लांबीने ठरवलेली वेगमर्यादा असते. पाण्यातल्या लांबीचं फुटातलं वर्गमूळ घ्या, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. १६ फुटांच्या होडीला ५.३६ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे इंजिन डबल केलं तरी होडी नाक वर करते, ढुंगण पाण्यात रुतवते आणि पेट्रोल पिते, बस. मर्यादा मोडायची तर बोट हलकी हवी, तळ पाण्यावर चढून घसरणारा हवा. पुण्यात सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून आणि रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे. तिथल्या रोइंगच्या बोटी लांबलचक आणि काडीसारख्या बारीक का असतात, त्याचं कारणही हेच. इंजिन नाही, मग लांबी वाढवा.

आता बोटीचं अंग कशाचं? उजनीवर आणि इतर धरणांवर लाकडी, पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या दिसतात. लाकूड स्वतः तरंगतं, त्यामुळे पाणी भरलं तरी होडी काठापर्यंत बुडून लटकत राहते, धरायला काहीतरी उरतं. पण दरवर्षी डागडुजी, डांबर, खिळे आणि चांगलं लाकूड आता परवडत नाही. पत्रा मजबूत, कुठल्याही फॅब्रिकेटरकडे वेल्डिंग होतं, दगडाला घासला तरी फाटत नाही. पण तो पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड. हवाबंद कप्पे नसतील तर पाणी भरल्यावर पत्र्याची होडी दगडासारखी तळाला जाते. फायबर हलकं, गंजत नाही, आकार हवा तसा मिळतो. म्हणून नवीन बोट घेणाऱ्यांचा कल तिकडेच असतो. मात्र फायबरही पाण्यापेक्षा जडच आहे. 'फायबर आहे, बुडत नाही' हे विकणाऱ्याचं वाक्य पूर्ण खोटं समजावं, जोपर्यंत आत फोम भरलेला दाखवत नाही तोपर्यंत.

आणि तो फोम कुठला हेही विचारायचं. काही ठिकाणी पैसे वाचवायला ओट्याखाली थर्मोकोल कोंबतात. थर्मोकोल तरंगतं हे खरं, पण पेट्रोल लागलं की ते विरघळून चिकट लगदा होतं. टाकी किंवा पाइप गळत असेल तर बोटीला तारणारी वस्तू आतल्या आत नाहीशी होत राहते आणि वरून काही कळत नाही. बंद छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम महाग पडतो, पण पैसे घालायचे तर इथे. अमेरिकेत २० फुटांखालच्या अशा मोटारबोटी पाण्याने भरल्या तरी आडव्या तरंगत राहिल्या पाहिजेत असा नियम आहे. आपण निदान एवढी अट विकणाऱ्याला घालू शकतो.

माणसं किती बसवायची, यालाही एक सोपं सूत्र आहे. फुटातली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. १६ बाय ५ फुटांची होडी असेल तर ८० भागिले १५, म्हणजे पाच माणसं. हे शांत पाण्यातलं आणि ६८ किलोच्या माणसाचं गणित आहे. आपली माणसं, डबे, बर्फाची पेटी, जाळी आणि वळवाचे दिवस धरले तर त्यातून एक कमीच. १८ जानेवारी २०२४ ला वडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १४ जणांच्या बोटीत वीसहून जास्त चढवले होते. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव शहरातला होता, वादळ वगैरे काही नव्हतं.

भिगवण, कुंभारगावच्या मच्छिमारांना हा हिशोब दोनदा करावा लागतो. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की हीच मासेमारीची होडी पर्यटकांची होते. जाळं गप्प पडून राहतं, पर्यटक नाही. थवा उडाला की कॅमेरा घेऊन सगळे एकदम उठतात आणि एकाच बाजूला जातात. वजन तेवढंच, पण ते वर आणि एका कडेला गेलं की होडी कलंडायला वाऱ्याचीही गरज राहत नाही. पर्यटकांसाठी बोट घेणाऱ्याने लांबीपेक्षा रुंदीवर पैसे घालावेत आणि बाक खाली ठेवावेत.

मग पुण्यातल्या हौशी माणसाने काय घ्यावं?

ज्याच्याकडे सोसायटीत एकच पार्किंग आहे आणि त्यात कार उभी आहे, त्याने मोठ्या बोटीचा विचार सोडावा. त्याच्यासाठी दोन पर्याय उरतात. एक म्हणजे प्लॅस्टिकची बंद अंगाची कयाक. वजन २५ ते ३५ किलो, कारच्या टपावर जाते, अंग हवाबंद असल्यामुळे आणि वर आलेलं पाणी भोकांतून खाली निघून जात असल्यामुळे सहसा बुडत नाही. एकट्याने मरळच्या मागे जायला याहून शहाणी वस्तू नाही. वारा मात्र तिला पानासारखी ढकलतो, म्हणून काठाच्या जवळच राहायचं.

दुसरा म्हणजे हवेची बोट. डिकीत मावते, दोन-तीन वेगळे कप्पे असतील तर एक फुटला तरी बाकीचे तारतात. पण आपल्या धरणांच्या काठाला वेडी बाभूळ आणि हातात काटेरी पंखाचा चिलापी. ऑनलाइन मिळणारी स्विमिंग पूलवाली पातळ बोट घेऊन धरणात उतरणारे लोक दिसतात, त्यांना कुणीतरी अडवायला हवं. जाड पीव्हीसी कापडाची नसेल तर ती बोट नाही, फुगा आहे.

तीन-चार मित्रांचा ग्रुप असेल आणि काठाच्या गावात कुणाच्या शेतात बोट ठेवायची सोय असेल, तर १४ ते १६ फुटांची फोम भरलेली फायबर होडी आणि ८ ते १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन ही जोडी पुरून उरते. इंजिन यामाहा, सुझुकीसारख्या कंपनीचं घ्यावं. कारण साधं आहे, कोकणात मच्छिमार तीच वापरतात, त्यामुळे पार्ट आणि मेकॅनिक मिळतो. टू-स्ट्रोक हलकं आणि दुरुस्तीला सोपं, पण पेट्रोलबरोबर ऑइल जाळतं आणि पाण्यावर तवंग सोडतं. जे पाणी पुणेकरांच्या नळाला जातं तिथे हे बरं नाही. फोर-स्ट्रोक महाग आणि थोडं जड, पण पेट्रोल कमी पितं.

बास बोटीतली एक गोष्ट मात्र खुशाल उचलावी, ती म्हणजे बॅटरीवरची छोटी मोटर. आवाज नाही, तेल नाही. ५५ पाउंड जोराची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरपर्यंत ओढते, त्यामुळे १०० एएचची साधी बॅटरी तासाभरात दमते. हळू चालवली तर सकाळ निघते. लिथियम बॅटरी साध्या बॅटरीच्या निम्म्याहून हलकी असते. फिश फाइंडरचा छोटा पडदाही कामाचा, मासा शोधायला कमी आणि खालची भिंत बघायला जास्त.

लाइफ जॅकेट घेताना त्यावर १०० न्यूटन लिहिलंय का बघावं. ५० न्यूटनचं पोहणाऱ्याला मदत करतं, १०० चं बेशुद्ध माणसाचंही तोंड वर ठेवायच्या हिशोबाने बनवलेलं असतं. ते अंगात घातलेलं हवं, बाकाखाली दाबून ठेवलेलं नको.

परवानगीचा विषयही बोट घेण्याआधीचा आहे, नंतरचा नाही. धरण जलसंपदा विभागाचं असतं आणि त्यातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मत्स्य व्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. पैसे भरून मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं. तिथे न विचारता बोट टाकून गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या उसात शिरणं. शिवाय अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार इंजिनवाल्या बोटींना नोंदणी आणि तपासणी आली. पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर तर परवानगीशिवाय उतरायचंच नाही. काठावरच्या संस्थेच्या माणसाला आधी भेटलं की अर्धे प्रश्न सुटतात. त्याच्याकडूनच कळतं कुठे भिंत आहे, कुठे गाळ आहे आणि वारा कुठल्या बाजूने येतो. कित्येकदा असंही कळतं की बोट विकत घेण्यापेक्षा महिन्यातून दोन रविवार त्याचीच होडी वल्ह्यासकट भाड्याने घेणं स्वस्त पडतंय.

जुनी बोट घेत असाल तर रंगाकडे बघू नका, रंग आठवड्यापूर्वीचा असतो. मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, ती बोटांनी ठोकून बघा. भदभद आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय आणि इंजिन एक दिवस फळीसकट तळाला जाणार. बोट वजनाला लागतेय त्यापेक्षा जड वाटली तर फोमने पाणी प्यायलंय. आणि पैसे देण्याआधी ती काठाशी कमरेएवढ्या पाण्यात न्या, इंजिन काढून ठेवा आणि बादलीने आत पाणी भरायला सुरुवात करा. काठापर्यंत भरून, वर दोन माणसं धरून लटकली तरी ती तरंगत राहिली, तर भाव करायला बसा. विकणारा भरूच देत नसेल, तर चहा पिऊन परत या.